घर चार फूट वर

तिसऱ्या वर्षीही ओढ्याचं पाणी घरात शिरलं. फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत निघाला, हॉल ओलांडून पुढच्या दाराशी गेला आणि निघालेला पाहुणा चपला शोधत घुटमळतो तसा तिथं घुटमळला. तो दाराबाहेर पडायच्या आत भूगोलाच्या सरांनी त्याला मिठी मारून थांबवलं, आणि त्या मिठीतच त्यांनी ठरवलं की आता घर उचलायचं.

उचलायचं म्हणजे विकायचं नाही, पाडून नवं बांधायचंही नाही. आहे तेच घर, त्याच भिंती, त्याच खिडक्या, खालून जॅक लावून चार फूट वर घ्यायचं.

"अहो, घर म्हणजे काय मोटार आहे?" बायको म्हणाली. "पंक्चर झालं की जॅक लावायला?"

बायको पोस्टात काउंटरवर होती. दिवसभर पाकिटं तोलून तोलून तिला कुठल्याही वस्तूचं वजन नुसत्या नजरेनं कळायचं, आणि सरांच्या बोलण्याचं वजन तर तिनं लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच काढून ठेवलं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्या भावानं टेकडीवर फ्लॅट घेतला होता, शेजारचा रिकामा होता. तिथं जावं. तिथं पाणी नळाला येत नाही, मग घरात कुठून येणार?

"पळून जायचं नाही," सर म्हणाले. "हवामान बदललंय, आपणही बदलायचं. याला अनुकूलन म्हणतात. नववीच्या पुस्तकात सातवा धडा."

"धड्यात घर उचललंय?"

"धड्यात उंटाचं उदाहरण आहे."

"मग उंटच आणा. त्याच्यावर बसू."

सर दुखावले. वर्षानुवर्षं त्यांनी फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून भोवती खडूनं पांघरूण गुंडाळलं होतं, आणि पांघरुणाखाली पृथ्वी कशी उकडतेय, मग ढग कसे बिथरतात, वर्षभराचा पाऊस चार दुपारींत कसा उरकून टाकतात, हे पोरांना समजावलं होतं. ते शिकवताना हे सगळं कुठंतरी लांब घडतंय असं त्यांना वाटायचं, ध्रुवाजवळ वगैरे. ते ध्रुवावरून निघून थेट आपल्या स्वयंपाकघरात येईल आणि डाळीचे डबे पालथे करेल, याचा उल्लेख पुस्तकात नव्हता.

घर उचलणारा मिस्त्री एका रविवारी आला. गळ्यात शिट्टी, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. त्यानं घराला एक चक्कर मारली, भिंतींवर डॉक्टर पाठीवर ठोकतात तसं ठोकलं, आणि विचारलं, "किती वर घ्यायचं?" शिंपी पँटची लांबी विचारतो तितक्याच सहज.

"चार फूट. पण भिंतींना तडे?"

"जाणार नाहीत. दीडशे जॅक लावतो. शिट्टी वाजली की सगळी माणसं एकदम अर्धा फेरा फिरवतात. घर केसभर वर. परत शिट्टी. तुम्ही आत बसून चहा प्यायलात तरी बशीत सांडणार नाही."

"आत बसून?" सरांनी विचारलं.

"मी आतच बसणार," हॉलमधून आवाज आला. "मला वर न्यायचं तर खुर्चीसकट न्या."

या आत्या. सरांच्या वडिलांची बहीण, पस्तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स, त्यातली शेवटची दहा मेट्रन. त्यांनी वॉर्डात मंत्र्याला सुद्धा भेटीच्या वेळेबाहेर आत सोडलं नव्हतं. छपन्न वर्षांच्या सरांना त्या 'बाळ' म्हणत, आणि विद्यार्थ्यांसमोरही म्हणत.

बातमी गल्लीत पसरली तसे सल्ले सुरू झाले. गल्लीत सहा घरं, सगळी बैठी, सगळ्यांत पाणी शिरायचं, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत प्रत्येकजण तज्ज्ञ होता. उजवीकडचे विमावाले म्हणाले, "सर, उचलण्यापेक्षा उतरवा. विमा हो, विमा उतरवा." समोरच्या पार्लरवाल्या ताईंनी दाराला रबरी पट्टी लावायला सांगितली. त्यांनी स्वतः लावली होती. तिचा फायदा असा की आत शिरलेलं पाणी आठवडाभर बाहेर जात नसे. आणि डावीकडचे वकीलसाहेब कुंपणावर कोपर टेकवून म्हणाले, "सर, कायद्यानं सांगतो. तुमचं घर चार फूट वर गेलं की तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या न्हाणीघराच्या खिडकीसमोर येते."

"मग तुम्ही पडदा लावा."

"मी का लावू? मी कुठं वर चाललोय?"

त्या रात्री सरांना झोपेत यावर तीन उत्तरं सुचली, आणि तिन्ही सकाळी विसरली.

मग आला परवाना. परवान्याच्या खिडकीतल्या कारकुनानं अर्ज उलटसुलट करून पाहिला. "बांधणे, पाडणे, दुरुस्ती. तीनच रकाने आहेत. उचलणे नाही."

"मग दुरुस्तीत घ्या."

"काही मोडलंय का?"

"नाही."

"मग दुरुस्ती कशाची करताय? एक काम करा, बांधणे लिहा. आणि इथं इमारतीची उंची टाका."

इथं सरांनी आयुष्यातली सगळ्यात महाग चूक केली, आणि तीही विद्वत्तेपोटी. भूगोलात उंची सांगायची ती समुद्रसपाटीपासून, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्यांनी मनातल्या मनात गल्लीची उंची घेतली, त्यात घराची मिळवली, वरचे चार फूट मिळवले, मीटरमध्ये रूपांतर केलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: छत्तीस मीटर वीस सेंटिमीटर.

कारकुनानं शिक्का मारला. सर समाधानानं घरी आले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'आपल्या प्रस्तावित उत्तुंग इमारतीस' दोन जिने, दोन लिफ्ट, त्यातली एक स्ट्रेचर मावेल अशी, आणि गच्चीवर पाण्याची मोठी टाकी अनिवार्य असल्याचं त्यात म्हटलं होतं. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखलाही लागणार होता. बायकोनं पत्र दोनदा वाचलं. "स्ट्रेचरची लिफ्ट मात्र घ्या," ती म्हणाली. "लागेल."

पत्रापाठोपाठ अग्निशमन दलाचे अधिकारीच आले. गणवेष, बूट, हातात फाइल. वर आकाशाकडे बघत ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. शेवटी दमून एका भिंतीला टेकले आणि सरांना विचारलं, "अहो, इथं बारा मजली इमारत कुठाय?"

"आपण तिलाच टेकून उभे आहात," सर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी मान वळवून छपराचा पत्रा पाहिला, पत्र्यावर वाळत घातलेली उशी पाहिली, आणि हातातली फाइल मिटली. मग त्यांनी मार्ग सांगितला: 'माझी इमारत उंच नाही' असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. प्रतिज्ञापत्र लिहिणार कोण, तर गल्लीत वकील एकच. वकीलसाहेबांनी ते सुरेख लिहून दिलं, 'सदर इमारत सर्व अर्थांनी ठेंगणी असून मालकास तसे मान्य आहे', आणि त्याच संध्याकाळी न्हाणीघराच्या खिडकीबद्दलची नोटीसही आणून दिली. दोन्ही कागद एकाच पाकिटात होते. "वेगळं पाकीट कशाला वाया घालवा," ते म्हणाले.

सरांनी दोन्हीवर सह्या केल्या. सर्व अर्थांनी ठेंगणी, हे शब्द त्यांना नंतर कितीतरी दिवस जेवताना आठवत.

अखेर काम सुरू झालं. मिस्त्रीच्या माणसांनी घराभोवती खड्डा खणला, भिंतींचा पाया हातभर हातभर कापला, खाली लोखंडी चॅनेल सारले आणि त्याखाली जॅक बसवले. पहिली शिट्टी वाजली तेव्हा सर हॉलमध्ये दाराची चौकट धरून उभे होते. खालून कुरकुर झाली. भिंतीनं एक सुस्कारा टाकला. आणि काहीच झालं नाही.

"झालं?" सरांनी खिडकीतून विचारलं.

"झालं," मिस्त्री म्हणाला. "दोन मिलिमीटर."

आत्यांनी कामाचा ताबा पहिल्याच दिवशी घेतला. टेबलावर काठोकाठ पाण्याचा ग्लास ठेवला आणि दाराला इस्पितळातल्या खाटेला लावतात तसा तक्ता टांगला. दिवसातून तीनदा त्या ग्लासातल्या पाण्याची रेघ बघायच्या आणि लिहायच्या: 'मागचा उजवा कोपरा, किंचित सूज. मिस्त्रीस कळवले. रुग्ण शांत.' मिस्त्री आधी हसला. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या लेव्हलच्या नळीनं तपासलं तर कोपरा खरंच दीड सूत, म्हणजे जवळजवळ पाच मिलिमीटर, वर होता. त्यानंतर तो रोज सकाळी टोपी काढून आधी तक्ता वाचायचा, मगच शिट्टी फुंकायचा.

सरांनाही मदत करायची होती. ते खड्ड्याच्या काठावर उभं राहून माणसांना भूकवच म्हणजे काय, पर्वत असेच हळूहळू कसे वर आले, हिमालयाचा वर्षाला वेग किती, हे सांगत. माणसं आदरानं ऐकत, आणि ऐकताना त्यांचा अर्धा फेरा पाऊण व्हायचा. मिस्त्रीनं दोनदा नम्रपणे सांगून पाहिलं. सरांना वाटलं तो विषयात रस घेतोय.

अकराव्या दिवशी घर सव्वातीन फूट वर होतं. मागच्या बाजूला खालून वीटकाम झालं होतं, पुढची बाजू अजून नुसत्या जॅकवर होती. रविवार होता. जेवणं चालली होती, आणि आभाळ असं फाटलं की समोरचं पार्लर दिसेना.

ओढ्याचं पाणी गल्लीत धावत येत नाही, फुगत येतं. एक वाजता घोट्याला होतं, दीड वाजता गुडघ्याच्या वर. एरवी लोक गल्लीच्या टोकाच्या शाळेत जात, पण तिकडचा उतार आधीच बुडाला होता. सव्वातीन फूट उंचीवर कोरडं ठणठणीत उभं असलेलं घर गल्लीत एकच होतं.

पहिले विमावाले आले, कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन, मागे बायको आणि दोन मुली. दाराला टेकवलेल्या शिडीशी थांबून त्यांनी अवघडून विचारलं, "सर, येऊ का?"

"या की!" सर म्हणाले. तीन वर्षांत इतकं मोठं समाधान त्यांना झालं नव्हतं. पण मिस्त्री मधे आला. त्याचा चेहरा सरांनी पहिल्यांदाच पांढरा पाहिला.

"सर, किती जण येणार?"

"गल्लीतले सगळेच येतील."

"सगळे म्हणजे किती किलो?"

सर बोटांवर माणसं मोजू लागले.

"खालची माती भिजलीय," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "घर सरळ वजन झेलतं, तिरकं झेलत नाही. सगळे पुढच्या खोलीत गोळा झाले तर पुढचे जॅक रुततील. मग माझ्याकडे उपाय नाही. मी सांगेन तिथं बसायचं, आणि सांगेपर्यंत उठायचं नाही."

एवढं बोलून तो आणि त्याची माणसं कमरेएवढ्या पाण्यात लाकडी ओंडके सारायला उतरली. दाराशी आत्या तक्ता आणि पेन घेऊन उभ्या राहिल्या. प्रत्येकाला नाव नाही, गाव नाही, एकच प्रश्न: "वजन?"

विमावाले सत्तर. बायको अठ्ठावन्न. मुली दोघी मिळून साठ. मागच्या खोलीत, भिंतीला लागून. पुढच्या दोन घरांतली म्हातारी जोडपी स्वयंपाकघरात, एकेक खिडकीखाली. मग आल्या पार्लरवाल्या ताई, केसांना प्लॅस्टिकची पिशवी बांधून.

"वजन?"

"पंचावन्न."

आत्यांनी चष्म्यावरून पाहिलं. इस्पितळात पस्तीस वर्षं माणसं उचलून खाटेवर ठेवणाऱ्या बाईंची ती नजर होती. त्यांनी लिहिलं नाही. ताई हॉलच्या मध्यावर येऊन बसल्या आणि टेबलावरच्या ग्लासातलं पाणी एका बाजूला कलून काठाशी थरथरलं.

"पोरी," आत्या म्हणाल्या, "ही वेळ लाजायची नाही."

"सहासष्ट," ताई म्हणाल्या.

सभ्यपणा म्हणून सगळे छताकडे बघू लागले. मग मागच्या खोलीतून विमावाले खाकरले. "आत्या, माझेही पाच राहिले सांगायचे." स्वयंपाकघरातून कोणीतरी तीन कबूल केले. खोलीखोलीतून किलो येत राहिले, आत्या खोडून खोडून लिहीत राहिल्या, आणि लोक बुडं घासत हातभर इकडे, वीतभर तिकडे सरकले. ग्लासातली रेघ हळूहळू सरळ झाली.

शेवटी वकीलसाहेब आले, छातीएवढ्या पाण्यातून लोखंडी ट्रंक ओढत.

"यात काय आहे?" बायकोनं विचारलं.

"अठरा खटले. सोडून येऊ शकत नाही. माणसं भांडून थकली तरी कागद जपावे लागतात."

बायकोनं ट्रंकेचं एक कडं धरून जरासं उचललं. "बेचाळीस किलो," ती म्हणाली. आत्यांनी न तपासता लिहून घेतलं. वकीलसाहेब ट्रंकेवर बसले, बरोब्बर फ्रिजच्या समोर, दोन्हींचा तोल साधून. त्यांच्या मागेच स्वयंपाकघराची ती खिडकी होती. ते एकदा वळले, आपल्या न्हाणीघराच्या खिडकीपलीकडे साचलेलं पाणी पाहिलं, आणि परत तोंड फिरवून बसले.

तीनच्या सुमाराला खालून टक् असा आवाज आला.

तेरा माणसं, एक ट्रंक आणि एक फ्रिज असलेल्या त्या घरात कोणी श्वास घेतला नाही. सरांनी बायकोकडे पाहिलं. ती आत्यांच्या खुर्चीचा हात धरून होती, आणि टेकडीबद्दल एक शब्दही बोलत नव्हती. ते तिनं बोलावं असं सरांना फार वाटलं. 'या, या' म्हणून सगळ्या गल्लीला आपणच वर घेतलं, हे त्यांना आठवलं.

"पुढचा डावा!" मिस्त्री खालून ओरडला. "बोटभर रुतलाय! सर, तुम्ही मागच्या उजव्या कोपऱ्यात जा, एकदम टोकाला. बसा, आणि हलू नका!"

सर गेले. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये, जिथं इतकी वर्षं फक्त झाडू उभा असायचा, तिथं स्टुलावर जाऊन बसले. खाली ओंडक्यांचे ठोके पडत राहिले. सरांनी श्वास जपून घेतला, आत जाणारी हवासुद्धा वजनात धरली जाईल म्हणून. बऱ्याच वेळानं शिट्टी वाजली, एक लांब, आणि हॉलमधून आत्यांनी जाहीर केलं, "रेघ सरळ. रुग्ण शांत."

संध्याकाळपर्यंत पाणी ओसरलं. मिस्त्रीनं एकेकाला क्रमानं उतरवलं, एक पुढचा, एक मागचा, ट्रंक आणि वकीलसाहेब बरोबर. आत्यांना खुर्चीसकट. सर उठू लागले तसा तो म्हणाला, "तुम्ही नाही, सर. तुमच्यावर तो कोपरा टेकलाय. मी खालून पक्कं करेपर्यंत बसून राहा."

मग सर बसून राहिले. खिडकीतून त्यांना गल्ली दिसत होती. लोक चिखलातून आपापल्या दारात डोकावत होते, आणि डोकावून झालं की मिस्त्रीभोवती गोळा होत होते.

"मला पाच फूट," वकीलसाहेब म्हणत होते.

"त्यांचं पाच, तर माझं साडेपाच लिहा," विमावाले म्हणाले.

बायको शिडीशी थांबून मिस्त्रीला हळूच विचारत होती, "खरंच त्यांच्या वजनानं फरक पडतो?"

"पडतो ना, वहिनी," मिस्त्री म्हणाला. "खाली आले की पडतो."

बायको हसली नाही. म्हणजे तोंडानं हसली नाही. मग ती शिडी चढून आत आली.

"मी बसले तर चालेल का?" तिनं दारातून ओरडून विचारलं.

"बसा," खालून उत्तर आलं. "पण समोरच्या कोपऱ्यात."

ती पुढच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकून बसली. मधे अख्खं रिकामं घर. तिच्या कोपऱ्यातून सरांचे फक्त गुडघे दिसत होते.

"घाबरले होते मी," ती म्हणाली.

"मीपण."

"तुम्ही तर हिमालयासारखे बसला होतात."

सरांना हे टोमण्यात धरावं की कौतुकात, ते कळेना. त्यांनी कौतुकात धरलं.

"अहो, ऐकलंत का? बाकीची पाचही घरं उचलायची म्हणतायत."

"ऐकलं. चांगलंय की."

"चांगलंय. पण सहाही घरांखाली विटा भरल्या की मग ते पाणी जाणार कुठं? आज आपल्या सगळ्यांच्या घरांत मावलं. उद्या मावायला जागाच नसेल तर ते ओढ्याच्या पलीकडच्या लोकांकडेच जाणार ना?"

सरांनी तोंड उघडलं. सातवा धडा त्यांना तोंडपाठ होता, आठवाही होता. पृथ्वी, पांघरूण, ढग, उंट, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. इतकी वर्षं ते प्रश्न विचारत आले होते, आणि सगळ्या वर्गांत मिळून इतका सरळ प्रश्न त्यांना कोणी उलट विचारला नव्हता.

"मला माहीत नाही," सर म्हणाले.



"उद्या मी अर्धी रजा काढते," बायको म्हणाली. "ओढ्याच्या काठानं चालत जाऊ. कुठं अडतंय ते तरी बघू. पलीकडच्यांनाही विचारू."

"आत्ताच जाऊ," म्हणत सर स्टुलावरून उठले.

"सर!" खालून मिस्त्री ओरडला.

सर बसले. "बरं, उद्या," ते म्हणाले.